इंग्रजी शिकवायला इंटरनेटवरचं नेमकं काय निवडू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका भगिनींनी लिहिलं आहे. डी.एड. झालं, नोकरी लागली नाही, म्हणून त्या घरीच शिकवणी घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतली चौथी ते सातवीची चौदा मुलं त्यांच्याकडे येतात. मुलं 'फाडफाड इंग्रजी' बोलली पाहिजेत, अशी पालकांची मागणी आहे. त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचून कळतं, पण बोलताना अडखळायला होतं. त्यामुळे वर्षभरात त्यांनी मोबाइलवर ॲप, यूट्यूब चॅनेल, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ असं बरंच साठवलं. मुलं व्हिडिओ आवडीने बघतात, ॲपवर तारे मिळवतात, पण "व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?" असं विचारलं की गप्प बसतात. आता एका कंपनीचा वर्षाचा कोर्स आठ हजारांत मिळतो आहे, सवलत रविवारपर्यंत. त्या विचारतात, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं ते एकदाचं सांगा. माझं इंग्रजी कच्चं. निदान मुलांच्या कानावर तरी शुद्ध उच्चारांचं इंग्रजी पडावं. मराठी अजिबात नसलेलंच घ्यावं ना?"

ताई,

आधी रविवारचं सांगते. आठ हजार रुपये या रविवारी भरू नका. कंपनीला फोन करा आणि तुमच्या सहावीच्या मुलांच्या पातळीचा एक अख्खा पाठ मागा. जाहिरातीत दाखवतात तो पहिला पाठ नको, मधला कुठलाही द्या म्हणा. तो मुलांसोबत करून बघा. नाही पटला तर पैसे परत मिळतील का, हे लेखी मागा. 'एक रुपयात ट्रायल' असेल तर त्यासोबत यूपीआयच्या ऑटोपेला परवानगी मागितली आहे का, तेही नीट वाचा. नकळत दिली गेली असेल तर यूपीआय ॲपमध्येच ती बंद करता येते. कोर्स खरंच चांगला असेल तर पुढच्या महिन्यातही तो चांगलाच असणार आहे. आणि मधला पाठ दाखवायला जी कंपनी तयार नाही, तिचा विचार तिथेच सोडून द्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळ्यात चांगलं कोणतं, याचं उत्तर मी एका नावात दिलं तर ते खोटं ठरेल. एन. एस. प्रभू नावाचे इंग्रजी-अध्यापनातले मोठे भारतीय अभ्यासक आहेत. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून तो जगभर ओळखला जातो. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक किंवा एखादा नकाशा द्यायचा आणि त्यावरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावायचे. व्याकरणाचा वेगळा तास नाही, महागडं साहित्य नाही. फळा, खडू आणि कागद. पुढे १९९० मध्ये त्यांनी असं मांडलं की सगळ्यांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत शोधण्यात अर्थ नाही. आपल्यासमोरची मुलं कशाने शिकतात याची शिक्षकाला असलेली जिवंत जाण हीच खरी कसोटी. हे ॲपना आणि व्हिडिओंनाही तितकंच लागू आहे. किती लोकांनी डाउनलोड केलं, किती तारे मिळाले, यावरून तुमच्या चौदा मुलांबद्दल काहीच कळत नाही.

आणि ती जाण तुमच्याकडे आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मुलं तारे मिळवतात, पण कालचं काही विचारलं की गप्प बसतात. हे निरीक्षण कुठलंही ॲप तुम्हाला देणार नाही. तिथूनच पुढे जाऊ.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये. म्हणजे तुमच्याकडचं सातवीतलं मूल सातव्या वर्षी इंग्रजी शिकतंय. त्याला शब्द येत नाहीत असं नाही. कागदावर लिहायला सांगितलं तर रंग, प्राणी, भाज्या, नाती, क्रियापदं धरून तीन-चारशे शब्द सहज निघतील. अडतं ते शब्द वापरायच्या वेळी. न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन म्हणतात की भाषेच्या अभ्यासक्रमात चार धागे साधारण सारख्या वजनाने असावेत. एक, समजून घेण्यासाठी ऐकणं-वाचणं. दोन, काहीतरी सांगण्यासाठी बोलणं-लिहिणं. तीन, शब्द, उच्चार, व्याकरण यांचा मुद्दाम केलेला अभ्यास. आणि चार, जे आधीच येतं तेच पुन्हा पुन्हा, अधिक सहज आणि वेगाने वापरणं. तुमचे व्हिडिओ पहिला धागा सांभाळतात. ॲप तिसरा सांभाळतं: योग्य पर्याय निवडा, जोड्या लावा, रिकामी जागा भरा. दुसरा आणि चौथा धागा तुमच्या साठ्यात जवळजवळ नाहीच. मुलं गप्प बसतात ती यामुळे. कुठलं साहित्य वाईट होतं म्हणून नव्हे.

म्हणून नवीन काही समोर आलं की पहिला प्रश्न हा विचारा: या दहा मिनिटांत माझं मूल स्वतःचं असं किती बोललं किंवा लिहिलं? 'रिपीट आफ्टर मी' म्हणून पोपटपंची केली ती मोजू नका. स्वतः जुळवलेलं वाक्य मोजा, चुकलेलं असलं तरी. उत्तर शून्य आलं तर ते साहित्य फेकून द्यायचं असं नाही. पण त्याच्यापुढे बोलण्याचं काम तुम्हाला जोडावं लागेल, हे पक्कं समजा. आठ हजारांच्या त्या कोर्सलाही हाच प्रश्न लावा. त्यात मुलांनी शिक्षकाशी किंवा एकमेकांशी बोलायचं आहे, की वर्षभर नुसतं बघायचं आहे?

उच्चारांबद्दल तुम्ही फार धास्तावला आहात. 'शुद्ध उच्चार' म्हणताना तुमच्या मनात बहुधा लंडनचा किंवा अमेरिकेचा माणूस आहे. मूळ काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कछरू यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं की इंग्रजी आता एका देशाची उरलेली नाही. भारतासारख्या देशांत तिची स्वतःची रूपं घडली आहेत आणि ती रूपं म्हणजे चुका नव्हेत. तुमची मुलं उद्या पुण्यात, बंगळुरूत किंवा दुबईत काम करतील तेव्हा समोरचा माणूस बहुतेकदा तमिळ, मल्याळी, फिलिपिनो नाहीतर अरब असेल. त्याला कळेल असं बोलता आलं पाहिजे. ब्रिटिश अभ्यासक जेनिफर जेनकिन्स यांनी २००० च्या सुमारास नेमका हाच प्रश्न तपासला: वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कोणत्या उच्चारांमुळे घोटाळा होतो? 'थिंक'मधला 'थ' इंग्रजांसारखा आला नाही तर फारसं बिघडत नाही, असं त्यांना आढळलं. मात्र आखूड आणि लांब स्वरांतला फरक पुसला गेला तर गोंधळ होतो.

हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांतल्या फरकाने अर्थ सहसा बदलत नाही. म्हणून आपल्या मुलांच्या तोंडून 'शिप' आणि 'शीप', 'फुल' आणि 'फूल', 'लिव्ह' आणि 'लीव्ह' एकसारखेच येतात. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट'चंही तेच होतं. उच्चारांचं कुठलंही साहित्य निवडताना या जोड्या त्यात आहेत का ते बघा. नसतील तर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. शब्दाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात. एक मुलगा ऐकवतो, दुसरा डोळे मिटून 'शिप' की 'शीप' ते ओळखतो. या खेळाला मुलं सोडत नाहीत, आणि त्यासाठी तुमचा स्वतःचा उच्चार इंग्रजी वळणाचा असण्याची अजिबात गरज नाही.

मराठी नसलेलंच घ्यावं का? माझं मत साफ 'नाही' असं आहे. पण मराठी आहे म्हणून चांगलं, असंही नाही. मराठीचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो आणि त्यातला फरक ओळखता आला पाहिजे.

एका तऱ्हेचे व्हिडिओ आपल्याकडे भरपूर आहेत. फळ्यावर 'सब्जेक्ट अधिक हेल्पिंग व्हर्ब अधिक आयएनजी' असं सूत्र, खाली "मी शाळेत जात आहे", "ती जेवण करत आहे" अशी पन्नास वाक्यं आणि त्यांचं भाषांतर. शिकवणारे कळकळीने शिकवतात, मुलांना वाटतं समजलं. पण अशी वाक्यं कुणी कुणाला म्हणत नाही. समोर बसलेल्या आईला "तू जेवण करत आहेस" असं मूल कशाला सांगेल? काही सांगायचं असेल, विचारायचं असेल, मागायचं असेल तरच भाषा तोंडातून निघते. अशा व्हिडिओंतून मूल सूत्र शिकतं. बोलायची वेळ आली की मनात मराठी वाक्य, मग सूत्र, मग इंग्रजी असा लांबचा रस्ता धरतं आणि तोवर बोलायची वेळ निघून जाते.

दुसरी तऱ्हा विरळ, पण अस्सल उपयोगाची. मराठी मुलाचा पाय कुठे घसरतो हे माहीत असलेल्या माणसाने बनवलेलं साहित्य. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांच्यासारखी उपपदं नाहीत, म्हणून आपली मुलं ती गाळतात किंवा वाटेल तिथे टाकतात. आपण लाइट 'बंद करतो', म्हणून 'क्लोज द लाइट' येतं. "मी पाच वर्षं इथे राहतो" यावरून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' येतं. "तू काय करतोयस?" मध्ये शब्दांचा क्रम उलटत नाही, म्हणून 'व्हॉट यू आर डुइंग?' येतं. परदेशात तयार झालेल्या उत्तम साहित्यालाही हे ठाऊक नसतं, कारण ते ब्राझीलपासून जपानपर्यंत सगळ्यांसाठी एकच बनवलेलं असतं. ती उणीव तुम्ही भरून काढायची. तुम्ही मराठी माध्यमातून आलात याची तुम्हाला लाज वाटते, पण याच बाबतीत लंडनच्या शिक्षिकेपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. ही चूक का होते, हे मुलांना मराठीत एका मिनिटात सांगा आणि लगेच पुन्हा इंग्रजीकडे वळा.

व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफबद्दल मात्र मी कडक आहे. कुणी बनवली, कधी बनवली, कुठून उचलली याचा पत्ता नसेल तर ती मुलांपुढे ठेवण्याआधी पाचेक वाक्यं तपासाच. 'डिस्कस अबाउट', 'कोप अप विथ', 'रिटर्न बॅक' यांच्यासारखं काही दिसलं की सावध व्हा. शंका आली तर वर सांगितलेल्या शब्दकोशांत शब्द शोधा; तिथे उदाहरणाची वाक्यं असतात, त्यावरून लगेच कळतं. उत्तरपत्रिका जोडलेली असेल तर आधी स्वतः सोडवून ती पडताळा. चुकीच्या उत्तरपत्रिका पुष्कळ फिरत असतात आणि मुलं छापलेल्यावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

अवघडपणा मोजायची एक साधी रीत सांगते. ती व्हिडिओला, गोष्टीला, उताऱ्याला, कशालाही चालते. शंभर शब्दांचा तुकडा घ्या आणि मुलाला अनोळखी शब्दांवर बोट ठेवायला सांगा. नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कुणाच्याही मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एकच नवा. तुम्ही शेजारी असाल तर शंभरात पाचपर्यंत चालेल. बारा-पंधरा निघाले तर ते साहित्य कितीही नावाजलेलं असो, या मुलाला आज उपयोगाचं नाही. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारी नभोवाणीने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी इंग्रजी बातम्या सुरू केल्या तेव्हा जेमतेम दीड हजार शब्दांच्या आत आणि नेहमीपेक्षा संथ वाचायचं ठरवलं होतं. मोठ्या माणसांसाठीसुद्धा त्यांना ही मर्यादा आवश्यक वाटली. आपण चौथीच्या मुलाला कार्टूनचं भरधाव इंग्रजी ऐकवतो आणि त्याचा कान तयार होईल अशी आशा धरतो. त्याचा कान तयार होत नाही, तो चित्रांवरून गोष्ट ओळखतो एवढंच.

तुमच्या जागी मी असते तर मुलांसाठी काय ठेवलं असतं? सगळ्यात आधी बालभारतीचं पुस्तकच. त्याची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहे, आणि धड्यावर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून दीक्षा ॲपवरचं पूरक साहित्य उघडता येतं. शाळेत झालेलाच धडा घेतला की शब्द आधीचेच असतात आणि चौथा धागा, म्हणजे येतंय तेच सहजपणे वापरणं, आपोआप हाती येतो. गाणी आणि छोट्या गोष्टींसाठी ब्रिटिश कौन्सिलचं 'लर्नइंग्लिश किड्स' हे संकेतस्थळ आहे, छापायला वर्कशीटही मिळतात.

आणि तिसरं, माझ्या सर्वांत आवडीचं, मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ. गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे उतरवून घेऊन, छापून वाटायला हरकत नाही. पातळ्या चार, पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या. त्यातल्या कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. चित्रांत आपल्याकडची गावं, आपली माणसं दिसतात. भाषांतर कुणालाही करता येत असल्यामुळे दर्जा कमी-जास्त आहे, तेव्हा आधी स्वतः वाचून घ्या.

अशी एकच गोष्ट आठवडाभर पुरते. पहिल्या दिवशी मराठीतून वाचा, मनसोक्त गप्पा होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. अर्थ माहीत असल्यामुळे मुलं शब्दांना अडत नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त चित्रं दाखवा, मजकूर झाका आणि दोघा-दोघांना गोष्ट सांगायला लावा. चौथ्या दिवशी तीच गोष्ट नव्या जोडीदाराला, पण कमी वेळात: आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन. मुलांना वाटतं शर्यत आहे. प्रत्यक्षात तीच वाक्यं तिसऱ्यांदा तोंडातून निघताना अडखळणं कमी होतं. पाचव्या दिवशी शेवट बदलायचा. सहावी-सातवीची मुलं नवा शेवट लिहितील, चौथी-पाचवीची चित्र काढून दोन वाक्यं सांगतील. चुका होतील. बोलणं चालू असताना थांबवू नका. वहीत टिपून ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन-तीनच चुका, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर घ्या.

आवडीचे व्हिडिओही असेच वापरता येतात. आवाज बंद करून दोन मिनिटं दाखवा आणि काय चाललंय ते मुलांना सांगू द्या. मग आवाजासकट पुन्हा. 'यस्टर्डे'च्या प्रश्नासाठी तर इंटरनेटही नको. रोज आल्या आल्या प्रत्येकाने शेजाऱ्याला कालची एक गोष्ट इंग्रजीत सांगायची आणि शेजाऱ्याने ती सगळ्यांना सांगायची. पहिले काही दिवस 'आय वेंट टू शेत' ऐकू येईल. येऊ द्या. शेताला 'फार्म' म्हणायची गरज पडली की तो शब्द मूल स्वतःहून मागेल.

मुलांचा फोटो, जन्मतारीख, शाळेचं नाव मागणारं ॲप मुलांच्या नावाने उघडू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित धरली आहे. तुम्ही पालक नाही, म्हणून ती संमती तुम्ही देऊ शकत नाही. दर दोन मिनिटांनी जाहिरात येणारं ॲपही वर्गातून काढून टाका. एआयशी गप्पा मारणारी साधनं मुलांच्या हाती इतक्यात नकोत. त्यांच्या अटींमध्ये किमान वय लिहिलेलं असतं ते वाचा. तुम्ही स्वतः मात्र त्यांच्याकडून पाचवीच्या पातळीचा संवाद लिहून घेऊ शकता. फक्त व्याकरणाचं स्पष्टीकरण जसंच्या तसं खरं धरू नका, ते चुकतानाही ठामपणे चुकतात.

पालकांना 'फाडफाड'ची घाई आहे, ती मला समजते. त्यांना इंग्रजीमुळे कुठेतरी अडवलं गेलेलं असतं आणि मुलांच्या वाट्याला ते यायला नको असतं. त्यांना महिन्यातून एकदा अर्धा तास बोलवा. कुठलं ॲप लावलंय ते सांगू नका. मुलांना गोष्ट सांगू द्या. आपली मुलगी न बघता सहा वाक्यं बोलली हे ऐकल्यावर कुठल्या कंपनीचा कोर्स आहे हे कुणी विचारणार नाही.

आणि तुमचं इंग्रजी. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम धरा. दोघांच्या सहा मिनिटांच्या गप्पा, सोबत सगळं बोलणं लिहिलेलं. आधी नुसतं ऐका, मग वाचत ऐका, मग त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचा, आणि शेवटी काय ऐकलं ते दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग जपून ठेवा, महिन्याने पुन्हा ऐका. तालुक्यात तुमच्यासारख्या शिकवण्या घेणाऱ्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील. दर शनिवारी अर्धा तास फोनवर एकमेकींशी फक्त इंग्रजीत बोला आणि त्या आठवड्यात वर्गात काय वापरलं, मुलं त्यावर किती बोलली, हाच विषय घ्या. जे साहित्य तिघींच्याही वर्गात चाललं त्याची यादी करत जा. महिन्या-दोन महिन्यांत ती यादी झाली की मला पाठवा. या सदरात ती छापायला मला फार आवडेल.